आयरिश म्हणींना मराठी जोड्या सुचवा (शाळेचं काम आहे, थट्टा नको. बरं, थोडी चालेल)

शेवंती_डब्लिन

नमस्कार मंडळी,

इथे दर वर्षी मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या दिवसापर्यंत, म्हणजे १७ तारखेपर्यंत, आयरिश भाषेचा उत्सव असतो. नावाला 'आठवडा', चालतो दोन आठवडे. लेकीच्या वर्गातली निम्मी पोरं बाहेरच्या देशांतली आहेत, म्हणून बाईंनी टूम काढलीये: प्रत्येकाने दिलेल्या आयरिश म्हणींपैकी एक निवडायची आणि तिच्या जोडीची, घरच्या भाषेतली म्हण फळ्यावर लिहून समजावून सांगायची.

बाईंनी दिलेल्या म्हणी अशा: वाऱ्याचा दिवस हा छपराच्या काड्या करायचा दिवस नव्हे. भुंगेरा भुंगेऱ्याला ओळखतो. दूरचे डोंगर हिरवे. मांजराच्या डोळ्यांतून त्याचं मूळ बाहेर पडतंच. आणि शेवटची, माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात.

इथल्या भेटवस्तूंच्या दुकानांत मगांवर आणि टॉवेलांवर जे गोडमिट्ट आयरिश आशीर्वाद छापलेले असतात, त्यांच्याशी या म्हणींचं काही नातं दिसत नाही. या आमच्या सासूबाईंच्या तोंडी शोभतील अशा आहेत. सुचवा पटापट. शुक्रवारपर्यंत हवंय.

पाणकावळा

तिसरी: दुरून डोंगर साजरे. पुढचा प्रश्न?

इतकी तंतोतंत जुळते की चोरीचा संशय येतो. तिथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. माल कुठून कुठे गेला ते उघड आहे.

हेळवाक

+१. भुंगेऱ्याला 'चोराच्या वाटा चोराला ठाऊक'. मांजराला 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही'. वाऱ्याला 'तहान लागल्यावर विहीर खणणे'. शेवटच्या म्हणीवर विचार चालू आहे.

मोडीवाला

पाणकावळा, चोरीचा खटला उभा राहणार नाही. दूरचं चांगलं दिसणं ही सगळ्या जगाचीच खोड. पण याच आशयाची आयरिश लोकांची दुसरी एक म्हण आहे ती खास त्यांची: परदेशातल्या गायींची शिंगं लांब असतात. ज्या देशातली माणसं पिढ्यानपिढ्या बोटीत बसून अमेरिकेला गेली आणि तिथून पत्रं पाठवत राहिली, तिथे ही म्हण का रुजली ते वेगळं सांगायला नको.

गाय तर त्यांच्याकडे पाचवीलाच पुजलेली. जुन्या आयर्लंडात माणसाची पत गायींवर मोजत. त्यांची सगळ्यांत नावाजलेली वीरकथासुद्धा एका बैलासाठी झालेल्या लढाईची आहे. 'गुरांच्या कळपांपेक्षा तब्येत बरी' अशीही म्हण आहे. आपण 'सर सलामत तो पगडी पचास' म्हणतो, ते डोकं वाचवून पगड्या मोजतात तसे हे तब्येत राखून गुरं मोजतात.

पाणकावळा

लांब शिंगांची गाय सगळ्या एनआरआय आयडींनी आपापल्या सहीत टाकावी असा ठराव मांडतो.

शेवंती_डब्लिन

अनुमोदन नाही. :)

कौलारू

हेळवाक, वाऱ्याच्या म्हणीला विहिरीची जोड अर्थाने बसते, पण थोडी पातळ होते. गवती छपराखाली वाढलोय म्हणून लिहितो.

आयर्लंडातल्या जुन्या घरांवर गव्हाच्या किंवा ओटच्या काडाचं, नाहीतर बोरूचं छप्पर. ते जागच्या जागी धरून ठेवायला हेझलच्या किंवा वाळुंजाच्या बारीक फांद्या लागतात. फांदी हातभर तोडायची, दोन्ही टोकं सुरीने टोकदार करायची, मधोमध पीळ देऊन दुमडायची, की झाला केसातल्या आकड्यासारखा चिमटा. तो गवतात खोचून दाबायचा. एका छपराला असे ढिगाने लागतात. फांद्या हिवाळ्यात तोडून ठेवलेल्या असाव्या लागतात. वादळ सुटल्यावर त्या तोडायला गेलात तर परत येईपर्यंत छप्पर शेजारच्या गावात.

अटलांटिकच्या कडेला तर चिमट्यांवरही भरवसा नाही. तिथे छपरावरून आडवे-उभे दोर टाकून ते भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना बांधतात. फोटो बघाल तर घर पार्सल करायला काढल्यासारखं दिसतं.

आमच्याकडे शाकारणी मे महिन्यात उरकायची. मृगाआधी पेंढा, काथ्या, बांबूच्या कामट्या सगळं तयार. उशीर करणाऱ्याला आजोबा म्हणायचे, "पावसात शाकारतोस काय रे?" ही छापील म्हण नसेल, पण बाईंना हीच सांगा. चुलत बहीण शोभेल.

सांजवात

कौलारूंच्या वाऱ्यावरून एक भारी गोष्ट आठवली. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडात भयंकर वादळ झालं. 'मोठ्या वाऱ्याची रात्र' हे त्याचं नावच पडलं. पुढे १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली. आता सत्तरीचा पुरावा आणायचा कुठून? जन्मनोंदणीच तिथे १८६४ मध्ये सुरू झालेली. मग म्हाताऱ्यांना विचारायचे, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? आठवत असेल तर पेन्शन. साहजिकच एवढ्यातेवढ्या वयाच्या लोकांनाही ती रात्र लख्ख आठवायला लागली.

पाणकावळा

आमच्या चुलतआजोबांना गांधीजी भेटलेले असेच लख्ख आठवायचे. ताम्रपट थोडक्यात हुकला.

निवडुंग

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो.

'लोकशहाणपण' या शब्दानेच माझं डोकं उठतं. आयरिश म्हण: बायका असतील तिथे बडबड, आणि बदकं-हंस असतील तिथे कलकलाट. हे शहाणपण? आपल्याकडेही 'बायकांची अक्कल चुलीपुरती' आहेच. आणि औषधं बघा. डांग्या खोकला झालेल्या पोराला गाढवाच्या पोटाखालून पलीकडे द्यायचं. नाहीतर पांढऱ्या घोड्यावरून कुणी जाताना दिसला तर त्याला थांबवून उपाय विचारायचा, तो जे सांगेल ते करायचं. लग्नानंतरही आडनाव तेच राहिलेल्या बाईच्या हातची भाकरी, हाही एक इलाज. सातव्या मुलाच्या हाताला तर गुणच गुण. पोरं दगावत होती आणि लोक गाढव शोधत होते.

म्हणी गोळा करा, जपा, हरकत नाही. आरती कशाला ओवाळायची?

सांजवात

निवडुंग, लग्नाआधी आणि नंतर तेच आडनाव म्हणजे आपल्याकडे निम्म्या पाटलिणी डॉक्टर.

लिमरिककर_सिस्टर

मी इथे वॉर्डात नर्स आहे. निवडुंगदादांचं औषधांबद्दल म्हणणं मान्यच, पण म्हातारे पेशंट म्हणी कशा वापरतात ते पाहिलं की मत थोडं बदलतं. ते उपदेश करत नाहीत. टोमणा मारतात.

एक आजोबा स्कॅनसाठी कधीचे ताटकळले होते. मी नेहमीचं म्हटलं, होईल हो आजोबा, लवकरच बोलावतील. त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "जग घोड्या, गवत मिळेल." म्हणजे गवत उगवेपर्यंत घोडा टिकला तर! सरकारी आश्वासनांवरही हीच म्हण ऐकू येते.

चहाबद्दल एक आहे: चहाने मेलो, चहाविना मेलो. रात्रपाळीला आम्ही सगळ्या आता हेच म्हणतो. फिलिपिन्सच्या आणि केरळच्या मैत्रिणीसुद्धा.

आणि नात्यातली दोन माणसं पलंगाशी भांडायला लागली की आजी हळूच म्हणणार, "गप्प तोंड गोड."

पाणकावळा

चहावाली म्हण आयरिश असूच शकत नाही. ती सदाशिव पेठेतली आहे.

मोडीवाला

निवडुंग यांचा खडा योग्य जागी पडलाय, पण ही गाढवं आणि घोडे आपल्याला आज माहीत आहेत ते कुणामुळे, तेही सांगायला हवं.

आयर्लंडात १९३५ मध्ये सरकारने लोकपरंपरा जमा करण्यासाठी एक आयोग नेमला. १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी प्राथमिक शाळांतल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना कामाला लावलं. शिक्षकांना विषयांची पुस्तिका दिली: म्हणी, कोडी, हवामानाची लक्षणं, घरगुती औषधं, गावातले लोहार, दुष्काळाच्या आठवणी, छुपा खजिना. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. सुमारे पाच हजार शाळा, पन्नास हजारांच्या वर मुलं. ते सगळं डब्लिनच्या विद्यापीठात आहे, आता पानन् पान नेटवर पाहता येतं, आणि हौशी लोक ती हस्ताक्षरं टाइप करून देत असतात.

मी रात्री झोप येईना की त्यातली पानं चाळतो. कित्येक पानांवर शेवटी कुणी सांगितलं, वय किती, गाव कुठलं हे नेटकं लिहिलेलं असतं. गाढवाचा उपाय एका पानावर आणि त्याच वहीत पुढे 'नळातून पाणी कधी येणार' छापाची गावची तक्रार. आरती ओवाळायला कुणी बसलेलं नाही, नोंद ठेवलीये.

म्हणींचे छापील संग्रह त्याच्याही आधीपासून आहेत. अल्स्टर प्रांताचा १९०७ चा, मन्स्टरचा १९२६ चा, कनॉटचा त्यानंतरचा. एकच म्हण तीन प्रांतांत तीन तऱ्हेची सापडते.

निवडुंग

नोंद ठेवण्याला माझा विरोध कधीच नव्हता. धाग्याच्या शीर्षकात 'शहाणपण' नाही हे आत्ता नीट पाहिलं, तेव्हा तलवार अर्धी म्यान.

हेळवाक

अर्धीच? :)

गोष्टीवेल्हाळ

मांजराच्या म्हणीची गोष्ट कुणीच कशी सांगितली नाही? एका माणसाने मांजराला शिकवलं होतं, टेबलावर बसून पुढच्या पंज्यांत जळती मेणबत्ती धरायची. येणारे जाणारे थक्क. शिकवलं की स्वभाव बदलतो, असा त्याचा दावा. एक पाहुणा खिशात उंदीर घेऊन आला आणि जेवताना हळूच सोडला. मेणबत्ती एकीकडे, मांजर दुसरीकडे, घरात अंधार.

ही गोष्ट युरोपभर सांगतात, पण आयरिश म्हणीत मांजराचे डोळे आलेत ते मला फार आवडतं. उंदीर दिसल्यावर आधी तेच बदलत असणार.

फक्त 'जित्याची खोड' ही जोडी मला पटत नाही. खोड म्हणजे वाईटच. आयरिश लोक ही म्हण चांगल्या अर्थानेही वापरतात. आजोबा फिडल वाजवायचे आणि नातवाने कुणी न शिकवता सूर धरला, तरी हेच म्हणतील. म्हणून 'खाण तशी माती'.

हेळवाक

मान्य. 'खाण तशी माती' जास्त बसते. पण मग मेणबत्तीची मजा जाते.

लिमरिककर_सिस्टर

दोन्ही सांगू दे लेकीला. वर्गात मांजर सांगितलं की पोरं गप्प बसतात.

कौलारू

आता शेवटच्या म्हणीबद्दल. सावलीवाली. ही इथे फार मानाची म्हण दिसते. कोविडच्या काळातही पुन्हा पुन्हा वाचनात आली होती.

'गाव करी ते राव न करी' मी लिहिणार होतो, पण थांबलो. त्यात गावाची ताकद आहे, एकमेकांचा आधार नाही. गाव मनावर घेईल तर राजालाही जमणार नाही ते करेल, असा जरा मिशीला पीळ आहे त्यात. आयरिश म्हणीत मिशी नाही.

मोडीवाला

बरोबर. मिशीवाली त्यांची वेगळी आहे: एकत्र आल्याशिवाय बळ नाही.

डोंगरदादा

बाकीच्यांना राग येईल, पण आपल्याकडे शेजारधर्माची भलावण करणाऱ्या म्हणी आठवून बघा. हाताला फार लागत नाहीत. उलट्या भरपूर. 'ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं'. 'आयत्या बिळावर नागोबा'. 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात'. आपल्या म्हणी भाऊबंदकीत भाजून निघाल्यात.

म्हणजे आपण एकमेकांना मदत करत नव्हतो असं नाही. भातलावणीला आमच्याकडे सावड असायची. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही. घाटावर इर्जिक, बैलजोड्या घेऊन यायचं आणि संध्याकाळी मालकाने जेवण घालायचं. आयर्लंडातही हुबेहूब हेच होतं, नाव 'मेहल'. गवत कापायला, मळणीला, पीट (दलदलीतली जळणाची माती) काढायला सगळी वाडी एका घरी. पद्धत दोन्हीकडे होती, त्यांनी तिच्यावर म्हण केली आणि आपण भांडणांवर केल्या.

सांजवात

डोंगरदादा, सावड सुरळीत चालायची म्हणून तिच्यावर कुणाला बोलावंसंच वाटलं नसेल. भांडण झालं की मात्र चार शब्द जास्त लागतात.

आणि आयरिश लोक काही संत नाहीत. 'माणसाच्या तोंडाने त्याचंच नाक कितीदा फोडलंय' ही त्यांचीच म्हण. 'वाईट टिकून राहण्यापेक्षा चांगलं पळणं बरं' हीसुद्धा.

पाणकावळा

शेवटची आपल्याकडे गनिमी कावा म्हणून शाळेत शिकवतात.

मोडीवाला

म्हणींच्या गप्पांत एक जुनी चीज राहू नये. नवव्या शतकाच्या सुमाराचा एक आयरिश संग्रह आहे, तीन-तीनच्या जुळवणीत बांधलेल्या अडीचशेच्या आसपास उक्तींचा. कुनो मेयर नावाच्या जर्मन पंडिताने तो १९०६ मध्ये डब्लिनला छापून आणला. त्यातली एक माझी लाडकी: जगाला तोलून धरणाऱ्या तीन बारीक गोष्टी. गाईच्या आचळातून भांड्यात पडणारी दुधाची धार, जमिनीतून वर आलेलं पिकाचं कोवळं पातं, आणि कसबी बाईच्या हातावरचा सुताचा धागा.

आणि दुसऱ्या टोकाला, पुढच्या काळातली लोकांची तिकडी: तीन गोष्टींवर विसंबू नये. बैलाचं शिंग, घोड्याचं खूर आणि इंग्रजाचं हसू.

निवडुंग

दुधाच्या धारेला माझ्याकडून उरलेली अर्धी तलवारही म्यान. कसबी बाईचा हात जगाला तोलतो म्हणणारे नवव्या शतकात होते, मग बदकांच्या कलकलाटापर्यंत कसे घसरले कोण जाणे.

आपल्याकडे 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही तिकडीच की.

हेळवाक

ती आयटीतल्या जावयासमोर म्हणून बघा.

कौलारू

अवांतर: पऱ्यांच्या झुडपाचं काय ते? एकटं उभं असलेलं काटेरी झाड तोडायचं नाही म्हणतात.

गोष्टीवेल्हाळ

हॉथॉर्न. शेताच्या मधोमध एकटंच असेल तर ते 'त्यांचं', आणि 'त्यांचं' नावसुद्धा मोठ्याने घ्यायचं नाही, 'भली मंडळी' म्हणायचं. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून नावाच्या ठिकाणी नवा हमरस्ता अशाच एका झुडपावरून जाणार होता. एडी लेनिहान या कथेकऱ्याने जाहीर सांगितलं, हे झुडूप पऱ्यांचं आहे, तोडाल तर या रस्त्यावर अपघात होतील. बराच गाजावाजा झाला आणि शेवटी झुडूप राखून रस्ता केला.

डोंगरदादा

आमच्याकडे देवराई वाचली ती याच भीतीने. भीती गेली, कुऱ्हाड आली.

शेवंती_डब्लिन

मंडळी, शतशः धन्यवाद. वृत्तांत देते.

मी कौलारूंची शाकारणी आणि गोष्टीवेल्हाळांचं मांजर दोन्ही घोटून घेतलं होतं. लेकीला घरात शिकवायला बसले तेव्हा आजी व्हिडिओ कॉलवर. आजीने पावसाचा विषय निघाल्याबरोबर नक्षत्रांच्या म्हणी सुरू केल्या. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती'. 'पडला हत्ती तर कोसळतील भिंती'. आणि मग मघाची. सभ्य नव्हे, दुसरी.

पाणकावळा

'पडल्या मघा तर चुलीपाशी...'

शेवंती_डब्लिन

हो तीच. पुढचा शब्द इथेही लिहू नकोस. :)

लेकीने सगळ्या जोड्या बाजूला ठेवल्या आणि वर्गात मघा सांगितली. पाऊस इतका, इतका, की घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, मग माणूस काय करणार, असं साभिनय. पोरं फिदीफिदी. मी ऐकून गार. तर बाई म्हणाल्या, आमच्याकडेही जोड आहे. 'आपल्या चुलीसारखी दुसरी चूल नाही' ही म्हण इथे घरोघर फ्रेम करून लावतात. आयरिशमध्ये ती साधारण 'नील एन टिनट्यान मर दु हिनट्यान फेन' अशी ऐकू येते. शाळकरी पोरं तिचं करतात 'नील एन टोन टिन मर दु होन टिन फेन': आपल्या दुखऱ्या ढुंगणासारखं दुसरं दुखरं ढुंगण नाही.

लिमरिककर_सिस्टर

ही आमच्या ऑर्थो वॉर्डात रोज ऐकते!! जोड: ज्याचं जळतं त्याला कळतं.

हेळवाक

चूल इकडेही, चूल तिकडेही, आणि बाकी सगळंही. शाळेचा अभ्यास पूर्ण.

सांजवात

शेवंती, हवामानाच्या म्हणी निघाल्याच आहेत तर लेकीला कबऱ्या गाईची गोष्ट सांग. एका म्हाताऱ्या कबऱ्या गाईने मार्च सरताना फुशारकी मारली, संपला एकदाचा मार्च, मला काही करू शकला नाही. मार्चला राग आला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले, असा गारठा सोडला की गाय मेली, आणि वर तिचं कातडंही सोललं. एप्रिलच्या सुरुवातीच्या त्या थंड दिवसांना अजून तिचंच नाव आहे.

कौलारू

आणि आपण 'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणून त्याच सुमाराला गोधड्या धुऊन माळ्यावर टाकतो.

शेवंती_डब्लिन

इथे जूनमध्येही माळ्यावर टाकत नाही कौलारूकाका. आत्ता या क्षणी स्वेटर घालून लिहितेय.

पाणकावळा

तरी म्हणत होतो, तिथल्या गायींची शिंगं काही खास लांब नाहीत.

मोडीवाला

पाणकावळा, ठराव पास झाला असं समजा. बाकी कुणाला त्या शाळकरी वह्यांची पानं वाचायची असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा. हस्ताक्षर लागायला पहिली दोनतीन पानं जड जातात, नंतर सुटत नाही.